पाडवा ते पाडवा

हवालदाराची शिट्टी वाजली तेव्हा मामंजींनी आधी ब्रेक दाबला आणि मग मला म्हणाले, "आपल्याला नसेल."

पण ती आपल्यालाच होती. वाठार फाट्यावर चिंचेखाली एक जीप उभी होती, तिच्या पुढ्यात एक घडीचं टेबल, त्यावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला दगड, आणि रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा असलेला धिप्पाड हवालदार. आमची राखाडी फियाट त्याच्या हाताच्या इशाऱ्याने निमूटपणे बाजूला जाऊन थांबली.

मामंजी म्हणजे माझे सासरे, विश्वनाथराव आराध्ये. सिटी सर्व्हेतून निवृत्त झालेले, कराडात सगळ्या गल्लीचे मुहूर्त काढून देणारे. पंचांग त्यांना तोंडपाठ होतं. साबण नवा काढायचा तरी तिथी पाहून काढत. त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडाला रुमाल होता. वरची कवळी मोडली होती आणि नवी बसवायला आम्ही कोल्हापूरला निघालो होतो. गाडी ते स्वतः चालवत. एकट्याने जाऊ नका म्हणून सासूबाईंनी मला बरोबर धाडलं होतं. हे बँकेच्या कामाने सोलापूरकडे फिरतीवर होते.

मी मागच्या सीटवर बसून दुसरीकडेच बघत होते. वाठार फाट्यावरून डाव्या हाताला जो रस्ता फुटतो तो वडगावला जातो, आणि वडगावात माझं माहेर. तीन वर्षं मी त्या रस्त्याला लागले नव्हते. धाकट्या शैलाचं लग्न वैशाखात ठरलं होतं. माझा भाऊ येऊन "ताईला पाठवा" असं सांगून गेला होता, त्यावर मामंजी "बघू" म्हणाले होते. आमच्या घरात "बघू"चा अर्थ काय होतो ते मला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं. शैलाच्या अक्षतांना मी नसणार, हे मी जवळजवळ धरून चालले होते.

"कागदं दाखवा काका," हवालदार खिडकीशी वाकून म्हणाला. त्याच्या छातीवर खोत असं नाव होतं.

मामंजींनी डॅशबोर्डमधून प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यांचे कागद म्हणजे बघण्यासारखे असत. प्रत्येकाच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट. खोतांनी लायसन बघितलं, आरसी बघितली, विम्याचा कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, "हे सायबांना दाखवाय पायजे. उतरा."

"काय झालं?" मामंजींनी रुमालाआडून विचारलं.

"काय न्हाई वो. पर सायबांच्या आदी माझ्याशी बोलायचं आसंल तर बोला."

"तुमच्याशी काय बोलायचं?"

"मग ऱ्हाऊ द्या. उतरा."

मामंजी उतरले. मीही उतरले, कारण गाडीत उकडत होतं, आणि खरं सांगायचं तर वडगावचा रस्ता तिथून नीट दिसत होता.

टेबलामागे आरटीओचे इन्स्पेक्टर बसले होते. मुजावर त्यांचं नाव. चाळिशीचे, शांत, बोलताना समोरच्याकडे नीट बघणारे. त्यांनी कागद वाचला, मामंजींना खुर्ची दिली आणि म्हणाले, "आजोबा, तुमच्या गाडीचा विमा संपलाय."

मामंजी हसले. दात नसताना त्यांचं हसू फार केविलवाणं दिसे, म्हणून त्यांनी लगेच रुमाल वर घेतला. "नाही हो. पाडव्यापर्यंत आहे."

"कागदावर तर मार्चमध्येच संपलाय. आज एप्रिल लागलाय."

"साहेब, ही गाडी मी पाडव्याला घेतली. विमा दर पाडव्याला भरतो. पाडवा ते पाडवा. एक वर्ष चुकवलेलं नाही. यंदाचा पाडवा गुरुवारी आहे. गुरुवारी मी नवा भरणार. मग आज मध्येच तो संपेल कसा?"

हे त्यांनी इतक्या खात्रीने सांगितलं की खोत हवालदार गोंधळले. "बराबर हाय की सायेब," ते म्हणाले. "वरीस भरलं न्हाई अजून."

मुजावरसाहेबांनी कागद परत वाचला. "गेल्या साली कधी भरलात?"

"पाडव्याला."

"तारीख?"

"पाडव्याची जी असेल ती."

"बावीस मार्च," साहेब म्हणाले. "बावीस मार्चपासून एक वर्ष म्हणजे एकवीस मार्च. इथं लिहिलंय."

"ते लिहिणाऱ्याचं चुकलं असेल."

"आजोबा, कागदावर पाडवा कुठंच नाहीये."

माझ्या डोक्यातही सगळं गोल गोल फिरू लागलं. साहेबांचं ऐकलं की साहेबांचं पटे, मामंजींचं ऐकलं की मामंजींचं. वर्षभराचे पैसे भरले होते हे खरं. गुरुवारी पाडवा होता हेही खरं. मग मधले दिवस गेले कुठे?

मामंजींचा चेहरा हळूहळू तांबडा झाला. तो रंग मी ओळखत होते. "म्हणजे हाही चोर निघाला," ते म्हणाले.

"कोण?"

"हा नवा एजंट. कराडातलाच आहे. आधीच्यानेही असंच केलं होतं. तीन वर्षांपूर्वी एक दूधवाला सायकलवरून माझ्या गाडीखाली आला. पाय मोडला त्याचा. कंपनी म्हणाली, त्या दिवशी विमाच नव्हता. मी पाडव्याची वाट बघत होतो, आणि इकडे मागचा संपूनही गेलेला. त्याचा दवाखाना मी खिशातून केला. आता हा दुसरा. सगळे मेले एकाच माळेचे मणी."

मी मान खाली घातली. तो आधीचा एजंट म्हणजे माझे वडील. अप्पा. वडगावला ते विम्याची कामं करत, आणि सोयरीक झाल्यावर व्याह्यांच्या गाडीचा विमाही आपोआप त्यांच्याकडे आला होता. दूधवाल्याचं प्रकरण झालं तेव्हा अप्पा कराडला आले होते. चप्पल दाराबाहेर काढून ओसरीवर उभे राहिले, बसले नाहीत. मामंजी ताडताड बोलले. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "चूक माझी आहे." मग पाणीही न घेता निघून गेले. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं येणंजाणं बंद झालं. मी रडले, पण कुणावर रागवायचं हे मला कळेना. अप्पांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. माझे यजमान दोन्हीकडून गप्प बसले.

"तर आजोबा," मुजावरसाहेब म्हणाले, "एजंट चोर की साव ते मला माहीत नाही. विमा नसलेली गाडी मला रस्त्यावर सोडता येत नाही."

"मी सावकाश चालवतो. वीस वर्षांत एक ओरखडा नाही, तो दूधवाला सोडून. तोही उलट्या बाजूने आला होता."

"असेल. पण हा विमा तुमच्या गाडीला ओरखडा पडतो म्हणून नसतो. तो दूधवाल्यासाठी असतो. तुम्ही भले माणूस, खिशातून दिलंत. दुसरा पळून गेला असता. मग त्याच्या पायाचं काय?"

 दूधवाल्याच्या घरी मामंजी वर्षभर दर एकादशीला जाऊन यायचे हे मला माहीत होतं.

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. कपाळावर तिचा वळ उठला होता. "मी नोकरीला लागलो ना, तेव्हा आमचा रमजान थंडीत होता," ते म्हणाले. "रोजे कसे जायचे कळायचंसुद्धा नाही. यंदा बघा, मेमध्ये येतोय. याच टेबलावर, याच उन्हात. महिना तोच, पण सरकत सरकत कुठल्या कुठे गेला. चाँद त्याच्या चालीने चालतो. सरकारी कागद त्याच्या. मी रमजान ते रमजान पगारवाढ मागितली तर देतील का?"

"तुमचं वेगळं," मामंजी म्हणाले. "तुमच्यात महिना धरत नाहीत. आमच्यात दर तीन वर्षांनी..."

आणि ते थांबले.

त्याच क्षणी माझ्या नाकाला तुपाचा वास आला. म्हणजे खरा नाही, आठवणीतला. आदल्या वर्षी श्रावण दोन आले होते. अधिक श्रावणात अप्पांनी जावयाला वाण पाठवलं होतं, भावाबरोबर, अनारशांची टोपली वर जाळीदार रुमाल बांधून. मामंजींनी ती टोपली उंबऱ्यावरून परत पाठवली. मी मागच्या दाराने जाऊन भावाला गाठलं, तर तो म्हणाला, अगं, आईने तीन दिवस पीठ आंबवलं होतं. आम्ही दोघं विहिरीजवळ उभं राहून एकेक अनारसा खाल्ला आणि बाकीचे तो घेऊन गेला.

"मामंजी," मी म्हणाले, "गेल्या साली अधिक होता."

एवढं चारचौघांत त्यांना मध्येच तोडून मी कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागले. मुहूर्त काढताना मोजत तशीच, ओठ हलवत. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. मग श्रावण. मग पुन्हा श्रावण. तिथून पुढे त्यांचा अंगठा फार हळू सरकला.

"तेरा," ते शेवटी म्हणाले. "महिने तेरा झाले."

"आन् पैसं बाराचंच भरल्यालं," खोत हवालदारांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "आत्ता ध्यानात आलं बगा माझ्या."

मामंजींचा अंगठा परत करंगळीवर गेला. मला वाटलं, ते पुन्हा तेच मोजतायत. पण ते दुसरंच मोजत होते. "त्या वेळी आश्विन," ते पुटपुटले. "अधिक आश्विन होता. दूधवाल्याच्या आधीच्या दसऱ्याला."

मी तेव्हा त्या पुटपुटण्याचा अर्थ लावला नाही. मला वाटलं, उन्हाने त्यांना भोवळ येतेय. मी गाडीतून तांब्या आणून त्यांना पाणी दिलं. अर्धं पाणी त्यांनी धोतरावर सांडलं.

मुजावरसाहेबांनाही ते दिसलं असावं. त्यांचा आवाज मऊ झाला. "खटला भरावा लागेल, तो भरतो. पण गाडी कशाला अडकवून ठेवायची? असं करा, जवळच वडगाव आहे. तिथं खासनीस म्हणून जुने एजंट आहेत. त्यांच्याकडे कव्हर नोटचं, म्हणजे तात्पुरत्या विम्याचं, पुस्तक असतं. आज लिहून घ्या, मला आणून दाखवा आणि गाडी घेऊन जा. माझ्याकडची सगळी मी त्यांच्याकडेच पाठवतो."

"लई सरळ मानूस," खोत म्हणाले. "वळकता काय?"

मामंजींनी रुमाल तोंडावर नीट धरला. मग म्हणाले, "ऐकून आहे."

मला हसू यावं की रडू हे कळेना. खासनीस माझं माहेरचं आडनाव. समोर माझ्या माहेरचा रस्ता, आणि माझे सासरे माझ्या बापाविषयी "ऐकून आहे" म्हणत होते.

ते उठले. फाट्यावर एक टांगा उभा होता. "तू गाडीत बस," ते मला म्हणाले. "मी जाऊन येतो."

आजवर ते म्हणाले आणि मी केलं नाही असं झालं नव्हतं. मी गाडीकडे दोन पावलं चाललेही. दाराची कडी हातात घेतली, ती उन्हाने तापून चटका देत होती. मग मी वळले. "मी येते, मामंजी."

"कशाला?"

"घर मला माहीत आहे."

खोत हवालदारांनी डोळे बारीक केले. "तुमाला कसं वो म्हाईत?"

"मी तिथलीच आहे," मी म्हणाले. "मी खासनिसांची."

मुजावरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामंजींकडे, आणि टोपी डोक्यावर ठेवून दुसऱ्या एका ट्रकचे कागद वाचायला घेतले. खोत बोलायला तोंड उघडत होते. साहेबांनी त्यांना ट्रकच्या टायरची हवा बघायला पाठवलं.

मामंजी टांग्यात चढले आणि माझ्यासाठी बाजूला सरकले.

टांगा वडगावच्या रस्त्याला लागला.  मला धड काही सुचत नव्हतं. आत जाऊन मामंजी आणखी भांडणार असतील तर? अप्पांनी दारच उघडलं नाही तर? कव्हर नोट घेऊन दारातूनच मागे फिरलो तर पुढची सगळी वर्षं ते दार मला तसंच अर्धवट आठवत राहील. त्यापेक्षा गाडीत बसले असते तर बरं, असंही मनात आलं.

आमच्या घरापुढे खाटांवर शैलाच्या लग्नाच्या कुरडया वाळत होत्या. आई कावळे हाकत बसली होती. टांग्यातून मी उतरले तेव्हा तिने काठी उगारलेलीच ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्यामागून मामंजी उतरले, तशी ती काठी टाकून पदर सावरत आत गेली.

अप्पा बाहेर आले. अंगात नुसता बनियन होता. ते परत आत गेले, सदरा घालून आले आणि म्हणाले, "या. बसा." जणू कालच भेट झाली होती.

"कव्हर नोट हवी आहे," मामंजी उभ्यानेच म्हणाले. "फाट्यावर गाडी अडवलीय."

"बसून लिहू या की."

मामंजी बसले. आईने पाणी आणलं, पाठोपाठ चकल्या आणल्या. मामंजींनी रुमाल घट्ट धरला. आईने एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, काही न विचारता बशी उचलून नेली आणि घटकाभराने मऊ गुरगुट्या भात, तूप, मेतकूट असं ताट आणून ठेवलं. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. रुमाल खाली ठेवून त्यांनी तो भात खाल्ला. अप्पा तोवर खिडकीबाहेर बघत राहिले.

मग अप्पांनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं, कार्बन नीट बसवला. गाडीचा नंबर त्यांनी विचारला नाही, लिहूनच टाकला. पुढच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

"कधीपासून लावू? पाडवा गुरुवारी आहे."

त्यांनी हे टोमणा म्हणून विचारलं की सवयीने, हे मला तेव्हा समजलं नाही, आजही सांगता येणार नाही. अप्पांचा चेहरा तसाच होता, रोजच्यासारखा.

"आत्तापासून," मामंजी म्हणाले.

अप्पांनी घड्याळात पाहून वेळ लिहिली. सही केली. कागद फाडला, पण दिला नाही, शाई वाळेपर्यंत हातात धरून राहिले.

"खासनीस," मामंजी म्हणाले, "दूधवाल्याच्या वेळीही अधिकच आला होता ना मध्ये?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आधी? की मागाहून कळलं?"

"आधी," अप्पा म्हणाले. "त्या मार्चमध्येच मी कराडला आलो होतो. म्हटलं, विमा तारखेवर भरू, पाडवा यंदा लांब आहे. तुम्ही म्हणालात, शुभ काम चैत्राच्या तोंडावर सोडून फाल्गुनात कशाला? तुमच्या पुढ्यात पंचांग उघडं होतं. मुलीच्या बापाने व्याह्यांच्या पंचांगात काय बोट घालायचं? मी चहा घेतला आणि परत आलो."

"मग मी इतकं बोललो तेव्हा तरी सांगायचं होतंत."

"काय सांगू? तुम्हाला माहीत नव्हतं, मला होतं. माहीत असून जो बोलत नाही, चूक त्याचीच. त्या दूधवाल्याच्या पायापुढे मी दुसरं काय म्हणणार होतो?"

तेव्हा कुठे फाट्यावरचं ते पुटपुटणं मला उलगडलं. तीन वर्षं मी अप्पांचं "चूक माझी आहे" मनात घोळवत होते. कधी त्यांना विसराळू ठरवत होते, कधी लबाडही. त्यांनी पैसे भरायला उशीर केला असणार असंच मी धरलं होतं. ते वेगळ्याच चुकीबद्दल बोलत होते.

मामंजी माफी मागतील असं मला वाटलं नव्हतं आणि त्यांनी ती मागितली नाही. त्यांनी रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. शैला दाराआडून बघत होती. तिच्या हाताला दळलेली हळद लागली होती.

"हिचं ना लग्न?" त्यांनी विचारलं.

"हो. वैशाखात."

"मुहूर्त कुणी काढला?"

"इथल्याच गुरुजींनी. तुम्हाला विचारायचं होतं, पण..." अप्पांनी वाक्य सोडून दिलं आणि कागद पुढे केला.

मामंजींनी तो घेतला, कुठेही हळदकुंकू न लावता सरळ खिशात घातला आणि उठले. मीही पदर खोचून उठले. टांगेवाला बाहेर घोड्याला पाणी पाजत होता.

"तू कुठं निघालीस?" मामंजी मला म्हणाले.

"कोल्हापूरला. कवळीला."

"कवळी मला बसवायचीय. तू राहा. कुरडया कोण घालणार सगळ्या, तुझी आई एकटी?"

 बरोबर दुसरं लुगडंसुद्धा नव्हतं. सासूबाई काय म्हणतील, हे काय म्हणतील, सगळं एकदम डोक्यात आलं. आईने मागून येऊन माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

अप्पा त्यांना पोचवायला टांग्यापर्यंत गेले. आधाराला त्यांनी हात पुढे केला आणि मामंजी तो धरून वर चढले.

"हिला परत कधी आणून सोडू?" अप्पांनी विचारलं.

मामंजी सीटवर नीट टेकले. सवयीने त्यांचा अंगठा बोटाच्या पेरावर गेला होता. तो त्यांनी तिथून काढला आणि हात मांडीवर ठेवला.

"लग्न होऊ दे," ते म्हणाले. "तारीख तुम्ही सांगा."